खिशात कागद एक

॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥

राजुरी, ता. जुन्नर
१२ ऑगस्ट २०२३

प्रिय मित्र रामनाथ यास,
हौशीरामचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

पत्र बघून तुला नवल वाटेल. शाळा सुटल्यापासून मी तुला कधी पत्र लिहिलेलं नाही. पण फोन लावला की तुझा आवाज अर्ध्यात तुटतो, आणि खरं सांगायचं तर हे मला फोनवर बोलता येत नाही. दूध संस्थेत सव्वीस वर्षं सेक्रेटरीचं काम केलं, त्यामुळे लिहायला बसलं की मन जागेवर राहतं.

माझ्या ऋषीला जाऊन आज सत्त्याऐंशी दिवस झाले. तेराव्यापर्यंत तू इथंच होतास, पण तेव्हा आपलं काही बोलणं झालं नाही. तू नुसता शेजारी बसून राहिलास. त्याचं मला बरं वाटलं होतं, हे सांगायचं राहून गेलं.

घरचं ठीक म्हणायचं. टोमॅटोचा तोडा संपला. आरती दर रविवारी घोडेगावहून एस.टी.नं येते, आईच्या डोक्याला तेल लावते आणि संध्याकाळच्या गाडीनं सासरी जाते. साळू कामाला लागली आहे. फक्त ताटं घेताना अजून एक जास्त घेते, आणि मग उचलून ठेवते.

आता मुद्द्याचं. परवा पलटणीकडून पत्र आलं. ऋषी कसा गेला याची चौकशी पूर्ण झाली म्हणून. इंग्रजीत होतं, आरतीनं मराठीत सांगितलं. त्यात असं आहे की सदर जवान दारू प्यालेल्या अवस्थेत पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढला आणि तोल जाऊन पडला, त्यात डोक्याला मार लागला. इतर कोणाचा दोष नाही.

रामनाथ, तू त्याला लहानपणापासून बघितलं आहेस. सतराव्या वर्षी त्यानं गळ्यात माळ घातली. भावकीतल्या लग्नात पोरं मुद्दाम त्याच्यापुढं सरबत धरायची, तर हा आधी वास घ्यायचा. ऋषीमहाराज म्हणून चिडवायची त्याला. आरती वाचत होती तेव्हा साळू भाकरी थापत होती. ती म्हणाली, दुसऱ्या कुनाचं पत्र असंल, पोस्टमन चुकला. तव्यावरची भाकरी उलटून ती पुन्हा म्हणाली, परत देऊन या.

तुझा भागू त्याच पलटणीत, त्याच ठाण्यात होता. टाकीपाशी तोच पहिल्यांदा पोचला असं पार्थिवाबरोबर आलेले सुभेदार बोलता बोलता म्हणून गेले होते. त्याला एकदा विचारशील का? मला भांडण करायचं नाही. ती एक ओळ खोडून हवी आहे, बाकी काही नको.

सखूवहिनींना नमस्कार सांग. सूनबाई मोहिनीला आणि तिच्या लेकीला आशीर्वाद.
लोभ जुना आहे, तो तसाच असू दे.

तुझा,
हौशीराम

---

॥ श्री ॥

घाटघर
२९ ऑगस्ट २०२३

हौशीराम यास,
रामनाथचा स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचायला अकरा दिवस लागले. पोस्टमन सोमवार-गुरुवार येतो म्हणतात, पण पाऊस असला की त्याचा सोमवार कोणता ते त्यालाच माहीत. अक्षर अजून तसंच मोत्यासारखं आहे तुझं. जुन्नरच्या शाळेत मी तुझ्या वहीतून गणितं उतरवायचो आणि माझ्या अक्षरावरून मास्तर पकडायचे, ते आठवलं.

भाताची लावणी उरकली. नाचणीही वर आली आहे. घर सगळं ओलं आहे, काडी पेटत नाही, आणि सखू दिवसभर चुलीशी भांडत असते. फोनचं म्हणशील तर तो नाणेघाटाच्या कड्यावर गेलं तरच लागतो. तिथं सध्या पुण्या-मुंबईच्या पोरांची जत्रा. उलट उडणाऱ्या पाण्यापुढं हात पसरून व्हिडिओ काढतात. त्या गर्दीत उभं राहून तुझ्याशी असलं काय बोलू? तू पत्र लिहिलंस ते बरं केलंस.

त्या ओळीचं वाचलं आणि पत्र घेऊन चुलीपाशी गेलो. सखूला सांगितलं. ती म्हणाली, त्या पोरानं माझ्या हातचा चहासुदा कवा दुसऱ्यांदा घेतला न्हाई. भरतीच्या आधी महिनाभर तो आमच्याकडं राहून सुटीवर आलेल्या भागूबरोबर घाट चढून पळायची तयारी करायचा, तेव्हाचं तिला आठवलं. तो महिना माझ्याही मनातून जात नाही. भागू फौजेत होता म्हणूनच ऋषी तिकडं गेला, हे तू बोलत नाहीस. पण मला ते कळतं.

भागू दिवाळीत सुटीवर येणार आहे. फोनवर मी त्याला काही विचारणार नाही, तूही विचारू नकोस. तिथं भिंतींनाही कान असतात म्हणतो. समोर बसवून विचारतो. तोवर दम धर.

साळूवहिनींना माझा नमस्कार. त्यांना म्हणावं, ताट जास्त घेतलं तर घेऊ दे, उचलायची घाई करू नका.
आठवण आहेच, ती राहू दे.

तुझा,
रामनाथ

---

॥ श्री ॥

राजुरी
६ ऑक्टोबर २०२३

प्रिय रामनाथ,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. साळूला तुझं वाक्य वाचून दाखवलं. त्या दिवशी जास्तीचं ताट जेवण होईपर्यंत तिथंच राहिलं.

आरतीनं माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. त्याला उत्तर आलं. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, रक्ताचा नमुना घेतल्याची नोंद नाही. म्हणजे दारू होती हे कशावरून ठरवलं ते कुठंच लिहिलेलं नाही. दुसरी गोष्ट तुला लिहावी की नाही, याचा आठ दिवस विचार केला.

पार्थिवाबरोबर एक गाठोडं आलं होतं. पांढऱ्या कापडात शिवलेलं, वर लाखेची मोहोर. ऋषीच्या अंगावरचे कपडे आणि सामान. सुभेदारांनी यादीचा कागद पुढं केला आणि उघडून, तपासून सही करा म्हणाले. आमच्या चुलती अंबाबाई दारात बसल्या होत्या. त्यांनी हात आडवा केला. परमुलखात गेलेल्याचं गाठोडं घरात सोडायचं न्हाई, दहाव्याला नदीला द्यायचं, असं म्हणाल्या. आमच्या भावकीत ते चालत आलेलं आहे. सुभेदारांनी बिचाऱ्यांनी पेन पुढं केलं. मी न उघडता सही केली. गाठोडं गोठ्यातल्या फळीवर ठेवलं, आणि दहाव्याला ओझरला कुकडीच्या पाण्यात सोडलं. वर तरंगू नये म्हणून दगड मी स्वतः बांधला. तू माझ्या मागंच उभा होतास.

आता अर्जाच्या उत्तराबरोबर त्या यादीची प्रत आली आहे. सतरा वस्तू आहेत. घड्याळ एक, माळ तुळशीची एक, बूट जोडी एक. अकराव्या नंबरला हिंदीत लिहिलं आहे : कमीज एक, जेब में कागज एक. म्हणजे खिशात कागद एक.

खाली माझी सही आहे. तारीखही मीच घातली आहे. संस्थेत कोणी दुधाचं माप न बघता सही केली, तर मी त्याला सगळ्यांदेखत बोलायचो.

कसला कागद असेल, रामनाथ? भागूला हे विचार. साळूला मी यादीबद्दल अजून सांगितलेलं नाही.

लोभ ठेव, आणि लवकर लिही.

तुझा,
हौशीराम

---

॥ श्री ॥

घाटघर
२५ नोव्हेंबर २०२३

प्रिय हौशीराम,
स. न. वि. वि.

उशीर झाला त्याबद्दल रागावू नकोस. भात झोडपायचं काम होतं. भागू आला आणि गेलाही. पंधरा दिवसांची सुटी होती, त्यातले दोन येण्याजाण्यात गेले.

पोरगं वाळलं आहे. भात झोडपताना माझ्या दुप्पट काम करायचा, आणि मध्येच हात थांबवून उभा राहायचा. त्याच्या लेकीनं, समृद्धीनं, त्याला विचारलं की बाबा, तुमी थकलात का, तर हसला. एवढंच हसला असेल त्या पंधरा दिवसांत.

मी विचारलं. ऋषी प्यायला नव्हता, असं तो म्हणाला. हे तुला हवं होतं ते मी लिहितो आहे. त्यापुढं तो बोलला नाही. मीही फार ओढून विचारलं नाही. कागदाचं त्याला ठाऊक नसावं.

तू गाठोड्याचं मनाला लावून घेऊ नकोस. अंबाबाई म्हणाल्या, तू केलंस. मी तिथं होतो, मीही तेच केलं असतं. आमच्याकडंही असंच करतात.

कंडक्टरबरोबर नवा तांदूळ आणि हातसडीचे पोहे पाठवले आहेत. जुन्नरच्या स्टँडवर आरतीच्या दिरानं उतरवून घ्यावेत. साळूवहिनींना सांग, तांदूळ नवा आहे, पाणी कमी घाला, नाहीतर माझ्या शाळेतल्या गणितासारखा सगळा गिचका होईल.

माया असू दे.

तुझा,
रामनाथ

---

॥ श्री ॥

राजुरी
१८ फेब्रुवारी २०२४

रामनाथ यास,
स. न. वि. वि.

तांदूळ मिळाला. चांगला होता.

मी आणि आरती पुण्याच्या एका ऑफिसात जाऊन आलो. नंतर तिथून दुसऱ्या, आणि तिथून परत पहिल्या. सगळे नीट बोलतात. खुर्ची देतात, पाणी देतात. एका साहेबांनी तर उभं राहून मला नमस्कार केला. मग फाईल उघडून म्हणाले की काका, आजारी जवानांची त्या महिन्याची नोंदवही पाण्यानं खराब झाली, ती आता उपलब्ध नाही. जे कागद जवानाजवळ होते ते तुमच्याकडं सुपूर्त केले आहेत, ही तुमची सही. तुमच्याकडचा कागद आणा, आम्ही पुन्हा चौकशीला पाठवतो.

आजारी जवानांच्या नोंदवहीचा विषय मी काढलाच नव्हता. साहेबांनीच काढला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो कागद आजारपणाचा असणार. आरतीनंही माझ्याकडं बघितलं.

घरी आल्यावर साळूला सगळं सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, गाठोड्यात त्याची माळ व्हती? मी हो म्हणालो. ती म्हणाली, तुमी माझ्या पोराचा साक्षीदार दगड बांधून बुडावला. त्यानंतर ती माझ्याशी बारा दिवस बोलली नाही. अंबाबाईंना ती काही म्हणाली नाही. त्या म्हाताऱ्या आहेत, त्यांना कळलं तर त्या जेवायच्या नाहीत, असं आरतीला म्हणाली.

गावात काय चाललं आहे तेही लिहितो. एस.टी. स्टँडला ऋषीचं नाव द्यायचं ठरलं होतं. फलक रंगवून झाला, तो ग्रामपंचायतीच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून उभा आहे. पत्रातली ओळ कुठून तरी बाहेर फुटली. गेणभाऊ चावडीवर म्हणाला, राव, पोरगं चांगलं व्हतं, पन टाकीवर कशाला चढायचं? सगळे हसले नाहीत, पण कोणी त्याला गप्पही केलं नाही. मी पान लावत होतो, ते तसंच ठेवून घरी आलो.

रामनाथ, मी आजवर तुझ्याकडं काही मागितलं नाही. भागूनं दोन ओळी लिहून द्याव्यात. ऋषी आजारी होता आणि प्यायला नव्हता, एवढंच. खाली सही. त्याला ठाऊक आहे हे तुझ्या पत्रावरून मला कळतं. तू खोटं लिहिलंस की तुझं अक्षर नीट येतं. हे मी शाळेपासून बघतो आहे.

तुझा मुलगा तुझ्या घरी दिवाळीला भात झोडपतो. माझा मुलगा कागदावर दारुडा आहे.

हौशीराम

---

॥ श्री ॥

राजुरी
२० जून २०२४

प्रिय रामनाथ,
स. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही. एप्रिलमध्ये मी एक कार्ड टाकलं होतं, त्यालाही नाही. तिथीप्रमाणं ५ जूनला वर्षश्राद्ध झालं. तुझं पान वाढलं होतं, ते मग गाईला दिलं.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. ते मी परत घेतो. संस्थेत चुकीची नोंद झाली की एक आडवी रेघ मारून बाजूला सही करायची असते. तसं समज.

मे महिन्यात कुकडीचं पाणी खूप खाली गेलं. ओझरच्या घाटाखालचा चिखल उघडा पडला. मला वाटलं, दगड तर जागचा हलणार नाही. मी दाताळं घेऊन गेलो. घाटापासून पन्नास पावलं मोजून, जिथं उभा राहिलो होतो तिथून सुरुवात केली. चिखल मांडीपर्यंत होता. दुसऱ्या दिवशी मागून कोणीतरी हाक मारली तर गेणभाऊ. त्याच्याही हातात दाताळं. म्हणाला, हौशीतात्या, एकटं काय रुतून मरायचं का, सरका तिकडं. दिवसभर तो चिखल ओढत होता आणि माशांना शिव्या देत होता.

तीन गाठोडी सापडली. एक लाल लुगड्याचं, एक गोणपाटाचं, एक इतकं लहान की गेणभाऊनं ते हातात घेतल्याबरोबर खाली ठेवलं. कुणाकुणाची असतील. आम्ही ती उघडली नाहीत, धुऊन खोल पाण्यात परत दिली. पांढरं, मोहोर असलेलं, सापडलं नाही. चौथ्या दिवशी धरणातून आवर्तन सुटलं आणि पाणी वर आलं.

मिळालं असतं तरी आतला कागद राहिला असता का, हे आरतीनं विचारलं नाही. मीही तिला सांगितलं नाही की मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तू बरा आहेस ना? एवढं तरी कळव.
लोभ कमी झाला असेल तर उरलेला ठेव.

तुझा,
हौशीराम

---

॥ श्री ॥

घाटघर
१४ जानेवारी २०२५

प्रिय हौशीराम,
रामनाथचा नमस्कार.

आज संक्रांत. सखूनं तिळगूळ केला आणि म्हणाली, पयला त्यांना धाडा, मग मी खाते. तिळगूळ या पाकिटात आहे. सोबत दुसरं पाकीट आहे, ते भागूचं आहे. ते उघडण्याआधी माझं वाच.

मी तुझ्याशी खोटं बोललो. तू ओळखलंस, तरी मी गप्प राहिलो. २०२३ च्या दिवाळीत भागूनं मला सगळं सांगितलं होतं.

ऋषीला दोन दिवस ताप होता. डॉक्टरांनी तीन दिवस विश्रांतीची चिठ्ठी दिली होती. तो बराकीत पडून असताना एक साहेब आले. आरतीच्या मुलाच्या बारशाला यायला त्यानं रजा मागितली होती, ती नाकारली होती. त्यावरून आता आजाराचं सोंग घेतो म्हणाले. चिठ्ठी दाखवली तर ती खिशात ठेव म्हणाले. पाठीवर भरलेली पिशवी देऊन भर दुपारी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तिथली दुपार आपल्याला कळायची नाही. अकराव्या फेरीला तो पाण्याच्या टाकीकडं वळला, आणि कठड्याला हात लावतानाच कोसळला. डोकं सिमेंटच्या कडेवर आपटलं. टाकीवर तो चढलाच नव्हता. भागू धावत गेला. आपल्या बाटलीतलं पाणी त्यानं पाजलं, दोन घोट गेले. नंतर गाडी आली.

कागदाचं ऐक. कपडे बांधायचं काम भागूकडंच आलं. चिठ्ठी खिशात तशीच होती. ती तिथं राहिली तर नाहीशी होईल हे त्याला कळलं. म्हणून ती खिशातच ठेवून, लिहिणाऱ्या पोराला सांगून त्यानं यादीत ते चार शब्द घालून घेतले. वर कापड त्यानंच शिवलं. त्याला वाटलं, हौशीकाका सेक्रेटरी होते, ते यादी वाचून एकेक वस्तू तपासल्याशिवाय सही करायचे नाहीत.

गाठोडं नदीत गेलं, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो उठून खळ्यावर गेला आणि संध्याकाळपर्यंत झोडपत राहिला. पेंढ्यात दाणा उरला नव्हता तरी.

हे तुला कसं लिहू, असं मला झालं. तुझ्याच हातानं झालं ते तुला अजून जड व्हावं, असं वाटेना. ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की मी भ्यालो. भागूची नोकरी सतरा सालची. पेन्शनची पंधरा वर्षं भरायला अजून सात आहेत. त्यानं साहेबाविरुद्ध लिहून दिलं तर त्याचं तिथं काय होईल, हे मला ऋषीवरूनच कळलं आहे. तुझी पत्रं यायची आणि मी ती भाताच्या कणगीमागं ठेवायचो. सखूनं एक दिवस सगळी काढून माझ्यापुढं टाकली.

या दिवाळीत भागू आला तेव्हा त्यानं स्वतःहून लिहिलं. तीन पानं आहेत, खाली सही, हुद्दा, नंबर. मला म्हणाला, बाबा, हे काकांना द्या, ते ठरवतील. तेही मी अडीच महिने कणगीमागंच ठेवलं होतं. आता पाठवतो. तू ते जिथं द्यायचं तिथं दे. मी तुला नको म्हणणार नाही. म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही.

तिळगूळ घे. गोड बोलायला सांगत नाही.

तुझा,
रामनाथ

---

॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥

राजुरी
९ मार्च २०२५

प्रिय मित्र रामनाथ यास,
हौशीरामचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुझं पाकीट येऊन दीड महिना झाला. लगेच लिहिणं जमलं नाही.

भागूचं पत्र मी या वेळी उघडून वाचलं. एकदा स्वतःशी, एकदा आरतीसमोर, एकदा साळूसमोर. साळूला फेऱ्यांचा आकडा ऐकवणार नाही, म्हणून तेवढं मी गाळलं. तिनं ते ओळखलं आणि म्हणाली, मधलं वाचा.

आरतीच्या ओळखीच्या एका वकिलांना दाखवलं. ते म्हणाले, आता केस उभी राहते. पण साक्षीदार म्हणून याला बोलवावं लागेल, आणि तो नोकरीत आहे, तिथून पुढं मी त्याची हमी देऊ शकत नाही. त्यांनी झेरॉक्स काढून आणायला सांगितलं. नारायणगावात दुकानात रांग होती. माझा नंबर आला, मी पानं झेरॉक्सवाल्या मुलीच्या हातात दिली. तिनं पहिलं पान काचेवर पालथं घातलं. मी ते परत घेतलं. का घेतलं हे त्या वेळी मला सांगता आलं नसतं. तिला वाटलं मी तिच्यावर चिडलो.

घरी साळू चिडली. मी तिला दोष देत नाही. ती म्हणाली, लोकाचं पोर सुखात ऱ्हावं म्हनून आपलं पोर दारुडं ठिवायचं का? तुमी बापच न्हाई. मग दोन-तीन दिवस ती शेतात जाऊन बसायची. आरती आली, तीही आईच्या बाजूनं होती. मीही होतो, रामनाथ. मी रोज सकाळी पिशवीत ती पानं घालायचो आणि पुण्याच्या गाडीपर्यंत जाऊन परत यायचो. तिथं स्टँडवर बसून मी भागूला आठवायचो, तर तो नेहमी पांढरं कापड शिवताना दिसायचा. त्यानं करायचं ते एकदा केलेलं आहे. त्याच वेळी केलं, तिथं, त्या लोकांमध्ये उभं राहून. मी सही केली आणि ते पाण्यात सोडलं. आता पुन्हा त्यालाच सांगायचं की तूच कर, माझं चुकलं म्हणून. हे मला पुढं रेटता येईना.

परवा साळूनं ती पानं मागून घेतली. तिला वाचता येतं ते अडखळत. दुसरं पान काढून तिनं एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हितं पाण्याचं लिवलंय ना? मी हो म्हणालो. दोन घोट? मी म्हणालो, दोन. तिनं ती ओळ बोटाखाली धरून अडखळत स्वतः वाचली. मग म्हणाली, माझ्या पोराच्या तोंडात शेवटचं पानी ज्यानं घातलं, त्याच्या ताटात मी माती न्हाई कालवायची. मी तिच्याकडं बघितलं, तर म्हणाली, मला बरं वाटत न्हाई हे सांगताना. तसं समजू नका.

तेव्हा भागूचं पत्र तुला परत पाठवतो आहे. साळूनं ते ऋषीच्या जुन्या शाळेच्या शर्टाच्या कापडात शिवलं आहे. मोहोर नाही, तिचाच टाका आहे. त्याची पंधरा वर्षं भरली आणि तो घरी आला की बत्तीस साली ते उसव. मी असलो तर आपण दोघं घेऊन जाऊ. नसलो तर आरतीकडं दे, तिला सांगून ठेवलं आहे. तोवर कागदावर जे आहे ते राहील. माझे अर्ज मी दर महिन्याला पाठवतच राहीन. उत्तर येत नाही, पण पोचपावती येते.

हे बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही. कधी वाटतं, मी त्याला दुसऱ्यांदा पाण्यात सोडलं. हे मी फक्त तुलाच लिहितो.

भागूला काकांचा आशीर्वाद सांग. त्याला म्हणावं, काकांनी या वेळी यादी नीट वाचली. या दिवाळीत त्याला, मोहिनीला आणि समृद्धीला घेऊन इकडं ये. साळूनं सांगितलं आहे की त्यांची ताटं ती मोजून घेईल.

सखूवहिनींना नमस्कार. लोभ आहे म्हणूनच हे तुझ्याकडं ठेवायला देतो आहे.

तुझा,
हौशीराम

ता. क. – कणगीमागं ठेवू नकोस. तिथं भिंत पाझरते, हे मी तुझ्या घरी राहिलो होतो तेव्हा बघितलं आहे. चुलीच्या वर, धुराच्या बाजूला कुठं तरी ठेव. तुमच्याकडं पाऊस फार. कागद भिजू देऊ नकोस.